वरचा एक रुपया

जुनी फाइल माझ्याकडे येते तेव्हा तिच्यासोबत बहुतेक वेळा एकच वाक्य येतं : “प्रोग्राम गेला, पण डेटा आहे.” सांगणाऱ्याच्या आवाजात आशा असते आणि ती रास्तही असते. डेटा खरोखरच असतो. फ्लॉपीवर, बंद पडलेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर, कुणीतरी जपून ठेवलेल्या सीडीवर तो जसाच्या तसा पडून असतो. अडचण वेगळीच असते. फाइल म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्न यांमधल्या आकड्यांची लांबलचक रांग. त्यातले कोणते आकडे मिळून एक नाव होतं, नाव संपून गाव कुठे सुरू होतं, रक्कम कोणती आणि तारीख कोणती, हे त्या रांगेत कुठे लिहिलेलं असेलच असं नाही. ते ठाऊक होतं प्रोग्रामला आणि तो लिहिणाऱ्याला. प्रोग्राम हरवला, लिहिणारा भेटेनासा झाला, की आकडे तेवढे उरतात.

त्या आकड्यांचा अर्थ परत लावून देणं हे माझं काम. लोक त्याच्याकडे निव्वळ तांत्रिक कसब म्हणून पाहतात. कसब लागतंच. पण हे करता करता माझी एक खात्री पक्की होत गेली आहे : बेवारस फाइल अखेर उलगडते ती, ज्या माणसांनी ती भरली त्यांच्या रीतीभाती ठाऊक असल्या तर. यंत्र आकडे कसे मांडतं हे पुस्तकात सापडतं. माणसं त्यात काय मांडतात, हे त्यांच्यात वावरल्याशिवाय कळत नाही. कृष्णाकाठच्या एका वाचनालयाच्या दोन फाइलींनी ही गोष्ट मला फार स्वच्छ दाखवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगेला महापूर आला. सांगली-कोल्हापूर भागात कितीतरी दिवस पाणी हललं नाही. या वाचनालयाची तळमजल्यावरची कपाटं पाण्यात होती. पुस्तकं गेली ती गेलीच, पण त्यांच्याबरोबर दाखल नोंद रजिस्टरंही गेली. वाचनालयाबाहेरच्या माणसाला याचं गांभीर्य चटकन कळणार नाही. कोणतं पुस्तक कधी आलं, कुणाकडून आलं, किती रुपयांना घेतलं, याची क्रमवार नोंद त्या रजिस्टरात असते. पुस्तक हरवलं तर ते कधीकाळी आपल्याकडे होतं याचा तो एकमेव पुरावा. महाराष्ट्रातल्या शासनमान्य वाचनालयांचा कारभार १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालतो, आणि तपासणीच्या वेळी असली रजिस्टरं पुढे ठेवावी लागतात. इमारत निधीच्या जुन्या पावतीपुस्तकांचाही लगदा झाला होता. नव्वदीच्या सुरुवातीला वरचा मजला चढवला तेव्हा ज्यांनी पैसे दिले, त्यांची यादी त्यांत होती.

कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या घरी, माडीवर, फ्लॉप्यांचा एक डबा निघाला. सव्वापाच इंची, मऊ, काळ्या. वाचनालयाने त्या काळी संगणक घेतला होता आणि दर वर्षअखेरीला त्याची प्रत या फ्लॉप्यांवर उतरवून घरी नेण्याची शिस्त या गृहस्थांनी पाळली होती. पाणी त्यांच्या माडीपर्यंत चढलं नाही.

अशा फ्लॉपीला हात लावण्याचा एक नियम आहे. तिच्या कडेची खाच आधी चिकटपट्टीने बंद करायची, म्हणजे यंत्राला तिच्यावर काही लिहिता येत नाही. मग ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून तिची हुबेहूब प्रतिमा संगणकात घ्यायची, फ्लॉपी परत डब्यात ठेवायची आणि पुढचं सगळं काम प्रतिमेच्या प्रतीवर करायचं. चुंबकीय थर इतक्या वर्षांनी किती वेळा वाचू देईल याचा भरवसा नसतो. त्या डब्यातून दोन फाइली नीट हाती आल्या. एक पुस्तकांची, डीबीएफ प्रकारची. दुसरी देणगीदारांची, जिच्या नावापुढे नुसतं ‘डॅट’ होतं, म्हणजे काहीही असू शकतं.

डीबीएफची गोष्ट आधी सांगतो, कारण एखादी फाइल परक्याशी किती सौजन्याने वागू शकते हे तिच्यात दिसतं. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात घरच्या संगणकासाठी ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढे अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो ‘डीबेस टू’ या नावाने विकला. १९८४ मध्ये ‘डीबेस थ्री’ आला, आणि त्याच्या मागोमाग फॉक्सबेस, क्लिपर, फॉक्सप्रो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या संगणक क्लासात नव्वदीच्या दशकात हेच शिकवत. पतसंस्था, दूध संघ, शाळा, रुग्णालयं, जिथे म्हणून कुणी होतकरू मुलगा प्रोग्राम लिहून देत होता तिथे डीबीएफ फाइली तयार होत होत्या. नकाशांच्या कामातल्या शेपफाइलींबरोबर आजही एक डीबीएफ फाइल असते.

या फाइलीचा पहिला बाइट तिची जात सांगतो. वाचनालयाच्या फाइलीत तो ३ होता : डीबेस थ्रीची साधी तक्ता-फाइल. पुढचे तीन बाइट होते ९४, ३, ३१. म्हणजे शेवटचा बदल १९९४ सालच्या मार्च महिन्याच्या एकतीस तारखेला. वर्षअखेर! त्या एका तारखेत माडीवरच्या गृहस्थांची शिस्त उमटली होती. त्यापुढचे चार बाइट नोंदींची संख्या सांगतात, लहान घर आधी आणि मोठं नंतर : २१०, ४६, ०, ०. सेहेचाळीस गुणिले दोनशे छप्पन्न, अधिक दोनशे दहा. अकरा हजार नऊशे शहाऐंशी पुस्तकं. मग प्रत्येक रकान्यासाठी बत्तीस बाइटांचं वर्णन : रकान्याचं नाव, तो अक्षरांचा, आकड्यांचा की तारखेचा, आणि त्याची रुंदी किती. रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा, म्हणून तिथे रोमन अक्षरांत काटछाट करून बसवलेले मराठी शब्द दिसतात. वर्णन संपलं की १३ हा बाइट, आणि मग सरळ नोंदी, ठरलेल्या रुंदीच्या, एकीमागे एक. आकडेसुद्धा वाचता येतील अशा अंकांत लिहिलेले. आपण कोण, आपल्यात काय आहे आणि ते कसं मोजायचं, हे डीबीएफ फाइल स्वतःच्या डोक्यावर लिहून घेऊन फिरते. म्हणून तिचा प्रोग्राम गेला तरी ती अनाथ होत नाही.

तरी एक गोष्ट ती सांगत नव्हती. अक्षरांच्या रकान्यातले बाइट कोणत्या लिपीचे आहेत, हे. डॉसच्या पडद्यावर ती फाइल उघडली तर पुस्तकांच्या नावांच्या जागी उभ्याआडव्या रेघा दिसायच्या, तक्त्याच्या चौकटी आखायला वापरतात तशा. कारण त्या काळच्या अमेरिकी संगणकांत १७९ ते २१८ या आकड्यांना चौकटीच्या रेघा नेमून दिलेल्या होत्या, आणि मराठी अक्षरं नेमकी त्याच पट्ट्यात राहत होती. आयआयटी कानपूरला जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने घरोघर नेलेलं जिस्ट तंत्रज्ञान असलेलं कार्ड संगणकात बसवलं की त्याच रेघांच्या जागी देवनागरी उमटायची. या सांकेतिक क्रमाला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याला इस्की म्हणतात. त्यात क म्हणजे १७९, म म्हणजे २०४, ळ म्हणजे २१०. ‘कमळ’ लिहिलं की कार्ड नसलेल्या पडद्यावर तीन रेघाळ खुणा.

पण ही फाइल इस्कीतच आहे हे कशावरून? त्या काळात मराठी टंकाच्या प्रत्येक विक्रेत्याचा क्रम निराळा असे, आणि कित्येक फाइलींत अक्षरांऐवजी अक्षरांचे तुकडे साठवलेले असत : काना वेगळा, वेलांटी अक्षराच्या आधी, अर्धा र कुठेतरी वर. खात्री पटवली ती एका रकान्याने. त्यात हजारो नोंदींत दोनच आकृतिबंध पुन्हा पुन्हा येत होते. एक चार बाइटांचा : २००, २२१, १९३, २२५. दुसरा पाच बाइटांचा : २०४, २२१, १६२, २०२, १६७. मराठी पुस्तकांच्या यादीत असा कोणता रकाना असेल, की ज्यात दोन शब्दांनी बाकी सगळ्यांना मागे सारावं? प्रकाशनाचं ठिकाण. पुणे आणि मुंबई. दोन्ही नावांत दुसऱ्या जागी उकार आहे, आणि दोन्ही आकृतिबंधांत दुसऱ्या जागी २२१. इस्कीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, प ला २००, ण ला १९३, सगळं जिथल्या तिथे बसलं. मग नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद ओळीने बाहेर आली. मराठी पुस्तकांचा धंदा कोणत्या दोन शहरांत एकवटला आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो रकाना नुसती आकडेवारी राहिला असता.

या फाइलीत आणखी एक चीज होती. डीबीएफमध्ये प्रत्येक नोंदीच्या आधी एक बाइट असतो. नोंद चालू असेल तर तिथे कोरी जागा, म्हणजे ३२. नोंद पुसली असेल तर तारा, म्हणजे ४२. पुसणं म्हणजे एवढंच. नोंद जागची हलत नाही, तिच्या कपाळावर तारा लागतो, आणि ‘पॅक’ ही आज्ञा दिल्याशिवाय ती खरी जात नाही. वाचनालयाने ती आज्ञा दिलेली नव्हती. त्यामुळे जीर्ण म्हणून काढून टाकलेली, वाचकांनी परत न केलेली, मधेच पानं गेलेली अशी सगळी तारांकित पुस्तकं आपापल्या दाखल क्रमांकासह तिथेच होती. मी ती वेगळ्या यादीत काढली. चालू पुस्तकांत मिसळली असती तर वाचनालयाने घेतलेला निर्णय मी परस्पर फिरवल्यासारखं झालं असतं. टाकून दिली असती तर त्या निर्णयाचा पुरावा गेला असता. जुन्या माहितीशी वागताना ही दोन्ही टोकं टाळावी लागतात.

आता दुसरी फाइल. एक्केचाळीस हजार चारशे बहात्तर बाइट, आणि डोक्यावर काहीही लिहिलेलं नाही. पहिल्या बाइटापासूनच मजकूर सुरू. अशा वेळी पहिला प्रश्न एकच : एक नोंद किती बाइटांची? एकूण आकाराला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या पुष्कळ असतात, त्यामुळे नुसत्या भागाकारावर भागत नाही. फाइल निरनिराळ्या रुंदीत मांडून पाहायची आणि उभे पट्टे कधी सरळ होतात याची वाट पाहायची. शहाण्णवच्या रुंदीला पट्टे सरळ झाले. चारशे बत्तीस नोंदी.

पट्टे सरळ झाले की डोळ्याला आपोआप काही दिसू लागतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन बाइट होते आणि ते क्रमाने चढत होते : १ ०, २ ०, ३ ०, असं २५५ ० पर्यंत, आणि त्यानंतर ० १. म्हणजे लहान घर आधी लिहिणारा दोन बाइटांचा पूर्णांक. आणि वाचनालयाच्या पैशाच्या फाइलीत एकेकाने चढणारा आकडा पावती क्रमांकाशिवाय दुसरा कशाचा असणार? ओळीच्या शेवटाकडे दोन लहान आकडे, एक कधी ३१ च्या वर न जाणारा, दुसरा कधी १२ च्या वर न जाणारा, आणि त्यांच्यामागे १९९ ७, पुढे २०० ७, आणखी पुढे २०१ ७. सात गुणिले दोनशे छप्पन्न अधिक एकशे नव्व्याण्णव, म्हणजे १९९१. तारखा सापडल्या. मधल्या अक्षरांच्या पट्ट्यात प्रत्येक नावाच्या आधी एक आकडा होता, आणि तो त्या नावाच्या लांबीएवढा होता. ही टर्बो पास्कलची खूण. बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये काढलेली ही स्वस्त आणि चपळ प्रणाली आपल्याकडे कॉलेजातल्या मुलांच्या हाती फार लवकर पोचली होती. तिच्यात नोंदींची फाइल लिहिली तर ती नोंदी नुसत्या एकापुढे एक ओतते. त्यांचं वर्णन लिहीत नाही. कुणा हुशार मुलाने वाचनालयाला हा प्रोग्राम करून दिला होता, आणि आता तो कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

राहिली रक्कम. तिचे सहा बाइट होते. आजची यंत्रं अपूर्णांकी संख्या चार किंवा आठ बाइटांत ठेवतात. सहा बाइट हा टर्बो पास्कलचा स्वतःचा जुना प्रकार. मी नोंदी रकमेनुसार लावल्या. प्रत्येक नोंदीत नावाच्या आधी एक रोमन अक्षरही होतं, आणि त्यानुसार नोंदींचे दोन गट पडत होते. पहिल्या गटात तीनच रकमा होत्या :

१३६ ० ० ० ० १२२
१३७ ० ० ० ० १२२
१३८ ० ० ० ० १२२

दुसऱ्या गटात मात्र बहुतेक रकमा अशा :

१३५ ० ० ० ० ७४
१३६ ० ० ० ० १२३
१३७ ० ० ० १२८ १२२
१३८ ० ० ० ६४ १२२

हे आकडे घेऊन मी वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंकडे गेलो. त्यांच्या हाताखाली ती वर्षं गेली होती. त्यांना बाइटांशी काही देणंघेणं नव्हतं. मी विचारलं, “बाई, इमारत निधीला लोक साधारण किती द्यायचे? शंभर, अडीचशे, पाचशे?”

“सभासद वर्गणी म्हणताय का? आजीव सभासदांचे तीन वर्ग होते. अडीचशे, पाचशे, हजार.”

“आणि देणगी?”

“देणगी पाचशे कोण देईल हो? पाचशे एक. शून्यावर संपवून देत नाहीत. वर्गणी ठरलेली असते, ती तेवढीच घ्यायची. देणगी मनाची, तिच्यावर एक रुपया असतोच.”

एवढ्या बोलण्यात सगळं सुटलं. पहिला गट वर्गणीचा : अडीचशे, पाचशे, हजार. प्रत्येक रक्कम आधीच्या दुप्पट, आणि पहिला बाइट दर वेळी एकाने मोठा. म्हणजे पहिला बाइट रकमेचा पल्ला सांगतो; तो एकाने चढला की रक्कम दुप्पट. उरलेले पाच बाइट त्या पल्ल्यात रक्कम नेमकी कुठे आहे ते सांगतात. पण ते कोणत्या बाजूने वाचायचे आणि प्रत्येक घराचं वजन किती, हे सांगितलं वरच्या एका रुपयाने. अडीचशेचे दोनशे एक्कावन्न झाले तर शेवटचं घर १२२ वरून १२३ होतं. रुपयाचं वजन तिथे पुरतं एक. पाचशे एकमध्ये पल्ला दुप्पट, म्हणून त्याच रुपयाचं वजन अर्धं, आणि अर्धं शेवटच्या घरात मावत नाही म्हणून ते अलीकडच्या घरात १२८ होऊन बसतं. दोनशे छप्पन्नचं अर्धं. हजार एकमध्ये ते पाव होतं, म्हणून ६४. एकशे एकमध्ये उलट, पल्ला लहान, म्हणून शंभराच्या ७२ वर दोन चढून ७४. रुपया तोच, रक्कम दुपटीने वाढत गेली तसं त्याचं वजन निम्म्यानिम्म्याने उतरत गेलं, आणि त्या उतरंडीत सहाही बाइटांची मांडणी उघडी पडली. यानंतर एखाद्याने दिलेले सातशे पंचाहत्तर काय किंवा पैशांसकट आलेला कुणाचा धनादेश काय, काहीच अडलं नाही.

जमिनीत बी टाकावं तसा देण्यात पुढच्या देण्याचा अंकुर ठेवायचा, म्हणून तो एक रुपया, असं मी लहानपणी घरात ऐकलं होतं. त्या अंकुरातून एक फाइल उगवून येईल हे देणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसणार. पण मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. गोल रकमा सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांच्याकडून यंत्राच्या अंतरंगाबद्दल फार थोडं कळतं. माणसाच्या रीतीने त्यांत जो बारीकसा फरक केला, तो बोलला.

देण्याच्या नोंदींनी बंद लिपीची दारं उघडल्याचा दाखला आपल्याच देशात आहे. ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारे जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपावरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेक लेख एकाच दोन अक्षरांवर संपतात. एका पवित्र वास्तूच्या दगडादगडावर, वेगवेगळ्या नावांच्या शेवटी, सारखं काय लिहिलेलं असेल? त्यांनी अनुमान बांधलं : ‘दानं’. हे १८३७ मधलं. द, न आणि अनुस्वार हाती लागले आणि तिथून पुढे वर्णमाला सुटत गेली. आपल्या कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवरही अशीच दात्यांची नावं आणि गावं कोरलेली आहेत. प्रिन्सेप यांच्याकडे अक्षरांची मोजदाद होती, पण कुलूप उघडलं ते देवस्थानात लोक काय करतात या जाणिवेने. दगड असो की फ्लॉपी, देणाऱ्याने नाव कुठे लिहिलं असेल आणि रक्कम कशी दिली असेल, हे ठाऊक असणाऱ्याला वाट सापडते.

आणि ठाऊक असणारी माणसं कायम राहत नाहीत. नासाची व्हायकिंग यानं १९७६ मध्ये मंगळावर उतरली आणि तिथल्या मातीत जीवसृष्टीचा शोध घेणारे प्रयोग त्यांनी केले. जोसेफ मिलर या संशोधकाला नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यातला डेटा पुन्हा तपासायचा होता. चुंबकफिती जपलेल्या होत्या, पण त्यांतली मांडणी जाणणारे प्रोग्रामर उरले नव्हते. कामी आल्या त्या कागदावर छापून ठेवलेल्या प्रती. मंगळाएवढ्या दूर गेलेल्या यंत्राची मोजमापं तीस वर्षांच्या आत पृथ्वीवर वाचता येईनाशी होतात, तर तालुक्याच्या वाचनालयाची काय कथा! दोन्हीकडे कारण एकच : जे सगळ्यांना ठाऊक आहे ते कुणी लिहून ठेवत नाही. बाईंना रुपयाची रीत इतकी उघड होती, की त्या मुलाने प्रोग्रामसोबत चार ओळी लिहून दिल्या असत्या तरी ती त्यात आली नसती. म्हणून अशी कामं त्या त्या गावच्या माणसांच्या सोबतीने आणि ती हयात असताना व्हायला हवीत, असं मी भेटेल त्या संस्थेला सांगतो. दूरच्या शहरात फाइल पाठवून मिळणाऱ्या कसबाला एका मर्यादेपुढे जाता येत नाही.

त्याच रीतीभातीच्या जाणिवेने मला एके ठिकाणी थांबायलाही लावलं. टर्बो पास्कलमध्ये नावासाठी ठरावीक जागा राखलेली असते आणि पहिल्या बाइटात लांबी. नवं नाव जुन्यापेक्षा आखूड असेल तर नवं नाव तेवढ्या जागेवर लिहिलं जातं, आणि उरलेल्या जागेत जुन्याची शेपटी तशीच राहते. समजा आधीच्या नोंदीत ‘पांडुरंग’ होतं, आठ बाइट. पुढच्या नोंदीत ‘शंकर’ आलं, चार बाइट. तर फाइलीत लांबी चार, मग शंकर, आणि त्याला चिकटून एक लोंबता ‘ुरंग’. प्रोग्राम लांबीवर थांबतो, म्हणून त्याला ही शेपटी कधीच दिसत नाही. फाइल उघडी करून बसलेल्या माणसाला दिसते. या शेपट्या उपयोगी असतात : कोणत्या नोंदीनंतर कोणती नोंद भरली, मधून एखादी गळली आहे का, हे त्यांवरून ताडता येतं.

त्या यादीत एका देणगीसमोर नाव होतं ‘एक वाचक’. मोठ्या रकमांपैकी एक रक्कम. लांबीचा बाइट सात, आणि सातच्या पुढे एक शेपटी. ती आधीच्या कोणत्याही नोंदीशी जुळत नव्हती. म्हणजे नोंद भरताना तिथे आधी खरं नाव टंकलं गेलं होतं आणि मग, बहुधा देणाऱ्याच्या सांगण्यावरून, ते बदलून ‘एक वाचक’ केलं होतं. शेपटीत आडनावाचा बराचसा भाग असावा. गाव लहान. पत्त्याचा रकाना कोरा असला तरी त्या काळी एवढी रक्कम देऊ शकणारी घरं किती असणार? चार जणांना विचारलं असतं तर नाव सापडलं असतं.

मी ती अक्षरं जुळवली नाहीत. गुप्तदान म्हणजे काय हे मला त्या फाइलीने शिकवायची गरज नव्हती. रकमेवरचा रुपया ज्या संस्कारातून आला, त्याच संस्कारातून आपलं नाव मागे ठेवण्याची इच्छाही आली आहे. त्यातली एक रीत मी किल्ली म्हणून वापरायची आणि दुसरी अडथळा म्हणून ओलांडायची, हे मला पटण्यासारखं नव्हतं. बाइट वाचता येतात म्हणून ते वाचायलाच हवेत, असा या धंद्यात एक समज आहे. तारा लागलेलं पुस्तक ही संस्थेची नोंद होती आणि पुसली जाण्यापूर्वी ती उघडपणे नोंदली गेली होती. म्हणून तिला वेगळी यादी मिळाली. शेपटीतलं नाव ही नोंद कधी झालीच नाही. देणाऱ्याने ते लिहू दिलं नव्हतं आणि यंत्राने त्याच्या नकळत मागे ठेवलं होतं. नव्या यादीत मी प्रत्येक नाव त्याच्या लांबीवर कापलं, आणि तिथे ‘एक वाचक’ हेच आहे.

अशा कामाच्या शेवटी मी संस्थेला दोन गोष्टी देतो. एक, माहिती कुठल्याही संगणकाला वाचता येईल अशा साध्या मजकुराच्या फाइलीत, युनिकोड मराठीत. दोन, एक वर्णनाचं पत्रक, छापील, रजिस्टरात चिकटवण्यासाठी. त्यात मूळ फाइलीतल्या प्रत्येक रकान्याची जागा आणि अर्थ असतो. कोणता अर्थ पुराव्यानिशी पक्का आहे आणि कोणता माझा अंदाज आहे, हे वेगळं लिहिलेलं असतं. अंदाजाला पक्क्याचा वेश चढला की पुढच्या माणसाला तो ओळखता येत नाही, म्हणून या भेदाबाबत मी फार काटेकोर असतो. नावाच्या रकान्यात लांबीपुढे उरलेले बाइट ही नोंद नव्हे आणि ते मुद्दाम वाचलेले नाहीत, हेही तिथे आहे.

आणि रकमेच्या रकान्यापुढे, सहा बाइटांच्या हिशेबाखाली, मी आणखी दोन ओळी लिहिल्या : वर्गणी ठरलेली असते, ती गोल रकमेत येते, देणगीवर एक रुपया जास्त ठेवण्याची या भागात रीत आहे. हे पत्रक पन्नास वर्षांनी ज्याच्या हाती पडेल त्याला टर्बो पास्कलचा हिशेब जुन्या पुस्तकात कुठेतरी सापडेल. ही रीत तोवर चालू असेल की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून ती लिहून ठेवली.